आपले विनीत

चिंचणवाडीच्या बेसबॉल संघाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा गावात संघ म्हणून एकटे केरबातात्याच उरले होते.

लष्करातून हवालदार होऊन परतताना तात्यांनी ट्रंकेतून एक बॅट आणि दोन ग्लोव्ह्ज आणले आणि गावातली आठ उनाड पोरं हेरून संघ उभा केला. तेव्हा गावानं नाकं मुरडली. "ह्यो कसला ख्योळ? बॉल मारायचा आन् बॅट टाकून पळायचं!" पण संघानं सांगलीत जिल्ह्याचा कप मारला, तेव्हा त्याच गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. पुढं विट्याकडच्या रिवाजाप्रमाणं एकेक जण परमुलखात जाऊन सोनं गाळायच्या धंद्यात शिरला. जयराज कोइमतूरला, अर्जुना गुवाहाटीला, गुंडा लुधियानाला. संघ भारतभर पसरला आणि मैदान ओस पडलं. तात्या रोज सकाळी शाळेच्या भिंतीवर बॉल फेकत. भिंत बॉल इमानानं परत करायची, पण तिच्याशी बोलणार काय? तात्यांना फार एकटं वाटायचं.

पंचविशीला पाटणच्या संघाशी सामना ठरला. नऊ जण पुन्हा एकदा मैदानात उभे राहावेत, एवढीच तात्यांची इच्छा होती. त्यांनी झोकात पत्रिका छापली. मानपानावरून कुणी रुसू नये म्हणून खाली 'आपले विनीत' म्हणून आठही जणांची नावं वयाप्रमाणं घातली आणि संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवून दिली. लगोलग आठ अंगठे आले. तात्यांनी शेजारच्या सुलाबाईंना नऊ जणांचं मटण सांगून टाकलं.

आता आपल्याकडं पत्रिकेत ज्याचं नाव विनीतांत असतं, त्याला वेगळं आवतण नसतं आणि तो येईलच असंही कुणी धरत नाही. लग्नाच्या पत्रिकेत पन्नास विनीत असतात आणि वाढायला पाच. पण तात्यांचं सगळं उमेदीचं वय लष्करात गेलेलं. यादीत नाव म्हणजे माणूस हजर, असा त्यांचा हिशेब.

रविवारी चार वाजता पाटणची नऊ पोरं टेंपोतून उतरली. पंच म्हणून शाळेचे जुने ड्रिलमास्तर आप्पासाहेब शिट्टी घेऊन आले.

"हवालदार, तुमची मान्सं कुठं हायती?"

"येतील की. आठ अंगठं आल्यात."

"अंगठं आलं, मान्सं कवा येनार?"

अर्धा तास वाट पाहून आप्पासाहेबांनी खाली मान घालून शिट्टी फुंकली आणि सामना पाटणला दिला. पाटणची पोरं भली. नऊ जणांचं मटण त्यांनी नऊ जणांनी संपवलं, तात्यांच्या पाया पडली आणि टेंपोत बसली. आप्पासाहेबही घरी गेले. तात्या मैदानाच्या मधोमध बसून राहिले.

तेवढ्यात कोइमतूरहून जयराजचा फोन आला. "तात्या, कुठवर आला सामना? मला काय जमलं न्हाई बगा. पर बाकीची हायतच म्हनून..."

तात्यांच्या ओठांवर शिवी आली होती. ती गिळून ते म्हणाले, "समदी आल्यात. तूच तेवढा न्हाईस."

पोराला जरा लागावं, एवढाच हेतू. पण मागोमाग अर्जुनाचा फोन आला. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं कसं सांगायचं? तात्यांनी त्यालाही तेच सांगितलं. मग गुंडाला. दिवस मावळेपर्यंत आठही जणांना तेच सांगून झालं. फोन ठेवताना प्रत्येकाचा आवाज पडलेला. ते ऐकून तात्यांना आधी बरं वाटलं, मग वाईट वाटायला लागलं.

जरा वेळानं ग्रुपवर जयराजनं लिहिलं, 'गड्यांनो, माफ करा. मी एकटाच आलो न्हाई.'

अर्जुनानं लिहिलं, 'एकटा कसा? मीबी न्हाई आलो.'

'मीबी,' गुंडा म्हणाला. मग एकापाठोपाठ एक, आठही 'मीबी' झाले. आठ गावांत आठ जण मनात मोजत असावेत. शेवटी गुंडानं भीत भीत विचारलं, 'मग मैदानात व्हतं कोन?'

तात्यांनी दोनदा लिहून पुसलं. इतक्या लांब, परक्या मुलखात बसलेली पोरं. आता रात्रभर जिवाला लावून घेत बसतील. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तिसऱ्यांदा लिहिलं, 'कोनीच न्हाई. मलाबी जायला जमलं न्हाई.'

मग ते मैदानातून उठले आणि घराकडं चालू लागले.