बिनपाण्याने गेलेला पाहुणा

अर्जदार: दगडूआबा, धंदा शेळ्यामेंढ्या, मुक्काम जालना रोडवर विमानपट्टीच्या तारेच्या कुंपणाला लागून. घटना: वैशाखातली दुपार, सोसाट्याचा वारा, एक छोटे विमान. साक्षीदार: प्रस्तुत लेखक, तहसील कचेरीसमोरचा अर्जनवीस, जो त्या वेळी आबांच्या पडवीत बसलेला होता.

विमानाचा आवाज आला की हा गृहस्थ भरला तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन तारेपाशी उभा राहतो. वस्ती हसते.

"आबा, आज इमान तुमच्याकडं उतरणार व्हय?"

"एकदा उतरलं नाय का?"

उतरले होते, हे मी शपथेवर सांगतो. चाके टेकणार तोच वाऱ्याने एक पंख उचलला आणि विमान तिरपे होऊन, तार तोडून, आबांच्या कडब्याच्या गंजीत घुसले. वैमानिक कपाळ खरचटून बाहेर आला, बांधावर बसला. आबा पाणी आणायला पळाले. परतताना त्याच वाऱ्याने तांब्यात कचरा टाकला. पाहुण्याला तसले पाणी द्यायचे कसे? आबा पुन्हा रांजणाकडे वळले. तेवढ्यात विमानपट्टीवरची जीप आली आणि वैमानिकाला घेऊन गेली. थांबा म्हणून मी ओरडलो. कुणी मान वळवली नाही.

चौकशीचे साहेब आले. त्यांनी वारा लिहून घेतला, तार लिहून घेतली. माणूस दारात पडतो आणि त्याला घोटभर पाण्यावाचून उचलून नेतात, हे कुणीच लिहिले नाही.

मी नुकसानभरपाईचा मजबूत मसुदा वाचून दाखवला.

"कडब्याचं काढ," आबा म्हणाले. "पाव्हण्याला पडताना तेवढंच मऊ भेटलं. पाण्याचं लिव्ह."

"आबा, सरकार असा अर्ज घेत नाही."

"मंग तू अर्जनवीस कशाचा?"

असे बोलणे मी आजवर कुणाचे ऐकून घेतलेले नाही. अर्ज लिहिला. कचेरीतल्या कारकुनाने तो चारचौघांत वाचला आणि म्हणाला, "पाण्याचं इथं नाही, नळवाल्यांकडं द्या." त्याचे हसणे मी विसरणार नाही.

परवा न राहवून मी आबांना विचारले, एवढे काय त्या पाण्याचे?

ते राखेने तांब्या घासत होते. "म्हातारी गेल्यापासून या दारात कोण आलंय? तो आला, तर मी रांजणापाशी."

सबब विनंती की, हा मजकूर सदर वैमानिकास पोहोचवावा. त्यांनी यावे; शक्यतो रस्त्याने आणि वारा नसलेल्या दिवशी. येणे जमणार नसल्यास तसे उत्तर माझ्याकडे द्यावे. आबांना कळवू नये.