मोरी बघणारा चौगुले

माणूस कुणाच्या घरी गेला तर आधी देव बघतो, न्हायतर चूल बघतो. आमचा चौगुले मोरी बघायचा. दारात पायताण काढलं की नमस्कार न्हाय, बसू का न्हाय, थेट मागच्या अंगाला. आन् तिथनं वरडायचा, "पाणी कुठं जातंय?"

त्यो निपाणीच्या मुन्शिपाल्टीत सॅनिटरी इन्स्पेक्टर. इंग्रजाचा अंमल हुता तवाची गोष्ट. खाकी कोट, हातात काठी, आन् त्या काठीनं लोकांची गटारं ढोसायची ह्योच त्येचा धंदा. माझी तंबाखूच्या पेठेत खानावळ. गाडीवान, दलाल, अडत्यांचे कारकून माझ्याकडं जेवायचे, आन् ह्यो मेलाबी माझ्याकडंच. दिवस मावळायच्या आत येणार, आमच्या जैनाच्या रीतीनं गपगुमान पोटभर जेवणार, "आक्का, आमटी लई झ्याक," म्हणणार, हात धुणार, आन् त्या वल्या हातानंच मला दंडाची नोटीस लिहिणार! अंगाची नुसती लाही व्हायची.

"अवं, आत्ताच माझी आमटी भुरकलीसा न्हवं?"

"व्हय. आमटीवर नोटीस न्हाय, आक्का. मोरीवर हाय."

असलं हे बेणं! लग्नाला गेला तर मांडवामागं जाऊन उष्ट्या पत्रावळ्या कुठं टाकल्यात ते बघणार. एकदा स्वतःसाठी पोरगी बघायला कोगनोळीला गेलता. पोरगी नटूनथटून पाटावर येऊन बसली, तर बघायला आल्याला गडीच जाग्यावर न्हाय. गडी परसात. आन् पोरीच्या बापाला सांगतोय, "मामा, तुमची न्हाणी आडाला लई खेटून हाय. हे निपाणीत असतं तर मी सोडलं नसतं." बापानं पायताण दाखवून वाटंला लावला. त्यानंतर कुणी त्येला पोरगी दाखवली न्हाय.

आणि एक तऱ्हा ऐका. आमी जैन माणसं पाणी गाळून पितो. फडक्यावर जे बारीक जीव ऱ्हात्यात ते परत त्याच विहिरीत सोडतो, अलगद, मरू नयेत म्हणून. आन् ह्या जैनाची नोकरी काय? पटकीची साथ आली की विहिरीत लाल औषध टाकायचं. म्हंजे आतले सगळे जीव खलास! तर ज्या दिवशी औषध टाकायचा, त्या दिवशी ह्यो निर्जळी उपास करायचा. सांगायचा मात्र न्हाय कुणाला. मी ताट झाकून वाट बघायची आन् मनातल्या मनात शिव्या घालायची. शेवटी एकदा रस्त्यात गाठून खडसावलं, तवा तोंड उघडलं. "आक्का, माणसं जगवायला मारतोय. पर मारतोय तर खरं."



पर माझं खरं डोकं फिरलं ते वखारीपायी. आमच्या बोळाच्या तोंडाला एका शेठची तंबाखूची वखार हुती. बाया दिवसभर तंबाखू चाळायच्या. नाकातोंडात खकाणा, घसा कोरडा पडायचा, की वखारीच्याच विहिरीचं पाणी प्यायच्या. आन् त्या विहिरीला चिकटून शेठनं संडासाचा खड्डा काढला. चौगुल्यानं नोटीस दिली. परत दिली. परत दिली. पर शेठ पडला मुन्शिपाल्टीचा मेंबर. सगळ्या नोटिसा हापिसातच निजल्या. माझ्या मोरीवरचा नियम दुसऱ्या दिवशी पळत दारात येतो, आन् शेठच्या खड्ड्याकडं जाताना त्येचा पाय मोडतो व्हय?

मी चौगुल्याला ताटावरच धरला. "गरिबाच्या मोरीत तुमची काठी, आन् शेठम्होरं मान खाली! लाज न्हाय वाटत?"

"हुकूम येऊंदे, आक्का. कायद्यानं जाऊया."

"तुमच्या कायद्याला लागंना पटकी!"

लागली ती तुळसाला. तुळसा सकाळी माझ्याकडं भाकऱ्या थापायची आन् मग वखारीत चाळणीवर जाऊन बसायची. त्या दिवशी सकाळी जुलाब-वांत्या सुरू झाल्या, आन् दिवस मावळायच्या आत बाई गेली. धडधाकट बाई! शेठनं काय करावं? स्वतःच्या घरी लांबच्या विहिरीचं पाणी आणायला गडी लावला. खड्डा तसाच. वखार चालू.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौगुले वखारीत शिरला. कोट काढून भिंतीवर टाकला, विहिरीत औषध सोडलं, आन् फावडं घेऊन खड्डा बुजवाय लागला. बातमी कळली तशी मीबी चूल सोडून पळाले. शेठचा दिवाणजी नाचत हुता, "कुणाच्या हुकमानं? ही खाजगी जागा हाय!"

तवा चौगुले वरडला. इतक्या वर्सांत त्येचा असला आवाज मी ऐकला न्हवता. "जागा खाजगी, खड्डा खाजगी, आन् पाणी कुठं जातंय रं? तुळसाच्या पोटात गेलं ते!"

मी पाटी उचलली आन् माती वाहाय लागले. मग चाळणीवरच्या बाया एकेक करून उठल्या. दिवस मावळायच्या आत खड्डा सपाट.

मुन्शिपाल्टीनं शाबासकी दिली असंल म्हणता? हुकमाबिगर खाजगी जाग्यात शिरला म्हणून नोकरीवरनं काढला! मुडद्यांची मीटिंग लगोलग भरली. तुळसा मेली तवा कुणाला सवड न्हवती. मी हापिसात जाऊन तोंडाला येईल ते बोलले, शिपायानं हाताला धरून भाईर काढलं. खड्डा तेवढा परत उकरायची शेठची छाती झाली न्हाय. खड्डा निघाला तर आमी चाळणीवर बसणार न्हाय, असं बायांनी त्येच्या तोंडावर सांगितलं हुतं.

त्यानंतर चौगुले जेवायला आलाच न्हाय. मला वाटलं, गावाकडं गेला. बरेच दिवस गेले, आन् एकदा दिवस कलताना बघते तर उंबऱ्याच्या भाईर उभा. अंगात नुसता सदरा. गाल बसलेले.

"आत या की अण्णा."

त्यो हलला न्हाय. "आक्का," खाली बघत म्हणाला, "आता मी कुणी न्हाय. जेवायला आलो तर चालंल न्हवं?"

ह्या माणसाला वाटत हुतं, लोक आपल्याला घरात घ्यायचे ते कोटाला भिऊन. आन् खोटं तरी काय हुतं? नोकरी गेल्यापास्नं पेठेतल्या एकानं त्येला चहाला बलवलं न्हवतं. ज्यांच्या विहिरी त्येनं राखल्या त्यांनीबी न्हाय.

मग मात्र मी भडकले. "म्हंजे इतकी वर्सं मी कोटाला वाढत हुते व्हय रं मुडद्या? ये आत. बस खाली."

त्येला अरे-तुरे मी त्या दिवशी पयल्यांदा केलं. त्यो आत येऊन पाटावर बसला. रागानं माझ्या हातनं आमटी ताटाभाईर सांडली. त्येनं तिकडं बघितलंबी न्हाय. भाकरी मोडली, डोळे पुसले, आन् मान खाली घालून जेवाय लागला.