रेवणअप्पा आणि घरांचा ताप

लग्न होऊन मुरुमला आले तेव्हा माझ्यात अक्कल कमी आणि माहेरचा तोरा जास्त. पावसाळ्याआधी सासरी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पांढरी माती पसरायचे. ती पाणी मुरू देत नाही, म्हणून. मला मात्र ती भिकार वाटली. आमच्या माहेरची जमीन कशी काळीभोर, कसदार! घरचे बाजाराला गेलेले बघून मी शेतातली काळी माती पाट्या भरभरून छतावर पसरली. पावसात ती फुगली, उघडीप पडल्यावर भेगाळली आणि पुढच्या सरीला सासऱ्यांच्या ताटात आमटीबरोबर छतही उतरलं. वर ज्वारी तरारली ती वेगळीच. शेजारचा रेवणअप्पा तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला. भिंतीवरनं डोकावून म्हणाला, "वैनी, हुरड्याला कधी बोलवताव?"

तोच रेवणअप्पा आता म्हातारा झालाय आणि घरांचा डॉक्टर झालाय. कुणाच्याही घरात शिरला की आधी पालथा हात भिंतीला लावतो, डोळे मिटतो आणि मान हलवतो. "ताप हाय घराला." लग्न ठरवायला आलेले पाहुणे बसलेले असोत, नाहीतर कुणी दुखवट्याला आलेलं असो, अप्पा आधी भिंतीची चौकशी करणार, मग माणसांची.

इथवर येण्याआधी त्यानं काय काय केलं म्हणता! लग्नाच्या बँडमध्ये पिपाणी वाजवली. पण जेवणाची पंगत दिसली की सूर सुटायचा. तेरखेड्याला फटाक्यांच्या कारखान्यात लागला, तर पहिल्याच दिवशी कानाला बिडी अडकवून गेला. मालकानं बिडीसकट वेशीबाहेर घातला. मग परंडा-कुर्डुवाडी गाडीवर हंगामी कंडक्टर. शेवटची म्हातारी नीट बसल्याशिवाय हा घंटी देईना, आणि म्हाताऱ्या काय, चढतच राहायच्या. ती नोकरी गेली, पण "घंटी दिली न्हाय अजून" हे वाक्य त्याच्या तोंडात राहिलं.

शेवटी सिमेंटचं दुकान टाकलं आणि ते चाललं. अर्ध्या गावाची माळवदं त्यानं उतरवली. आमचंही. "वैनी, मातीत जल्म घालवताव का? स्लॅब टाका!" मी टाकला. तेव्हापासून उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर तवा आणि चुलीवर तवा, भाकरी कुठंही भाजावी.

स्वतःचं घरही त्यानं तसंच बांधलं. बुटका स्लॅब, चारी बाजूंनी सिमेंट. त्याची बायको गंगाबाई दर उन्हाळ्यात डोकं धरून बसायची. पोरांची लग्नं होईतो बसली, मग एका वैशाखात पिशवी भरली. "ह्या भट्टीत मी पुन्हा येणार न्हाय," म्हणाली आणि पुण्याला लेकीकडं गेली ती गेलीच.

अप्पानं दुकान मुलाच्या हवाली केलं. आमच्या तालुक्यात काही तरुण मंडळी मातीची थंड घरं बांधून देतात. हा त्यांच्याकडं फुकट राबायला जाऊ लागला. डबाही घरचा. गाव हसायला लागलं. "आधी सिमेंट इकलं, आता चिखल तुडवायलाय!" पारावरचे म्हणायचे. अप्पा म्हणायचा, "तुडवू द्या. घंटी दिली न्हाय अजून."

तिथंही त्याचा हात शिवशिवायचाच. कालवलेल्या मातीत हळूच मूठभर सिमेंट टाकताना तिथल्या इंजिनेर पोरीनं त्याला पकडलं.

"अप्पा, हे काय?"

"सवय हो म्याडम. जेवणात जरासं मीठ."

तिनं त्याला महिनाभर नुसतं पाणी वाहायला लावलं. त्यानं वाहिलं.

लोकांच्या घरांवर हात बसल्यावर अप्पानं आपल्या परसात एक खोली उभारली. मातीच्या जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वर लाकडाचं माळवद. मी बघायला गेले तर मातीच्या ढिगापुढं आडवा झाला. "वैनी, तुमी लांबूनच!"

मग पुण्याला फोन करून खोलीचं सांगितलं. माझ्यासमोरच. गंगाबाई म्हणाली, "भाचीच्या लग्नाला येणारच हाय. दुपारची झोप लागली तर ऱ्हाते. न्हायतर संध्याकाळच्या गाडीनं परत."

त्या लग्नापर्यंत अप्पानं दुसऱ्याच्या भिंतींना हात लावणं सोडून दिलं. दिवसातनं दहादा आपल्याच खोलीत जाऊन यायचा.

वैशाखातलं लग्न. जेवणं उरकून गंगाबाई खोलीत गेली, दार लोटलं. अप्पा आपलं ताट घेऊन बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून बसला. बसला कसला! भंगारवाला आला, त्याच्या भोंग्यात ह्यानं आपला टॉवेल कोंबला. बँडवाल्या पोरांना हात जोडले. माझी शेळी ओरडली तर तिला माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या ताटातली पुरी चारली. मी हसले, तर मलाही तोंडावर बोट.

"अप्पा, बघून तर ये झोपलीय का."

"नको वैनी. तुमी जा. माझं धाडस न्हाय."

ऊन कललं तशी मी चहा घेऊन आत गेले. खोलीत गारवा होता. गंगाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी हळूच विचारलं, "लागली का गं झोप?"

ती माझ्याकडं वळली. डोळे चांगले टक्क उघडे.

"लागली की. आता कवाचीच जागी हाय, अक्का. बाहेर आमचे मालक समद्यायला गप करायलेत, ते ऐकत पडलेय. च्या झाकून ठिवा, अन् अजून झोपलीय म्हणून सांगा."