उद्याशेठ दुकानांचं भविष्य सांगतात

"आजच्या माझ्या भाषणानंतर आपली गल्ली पूर्वीसारखी राहणार नाही," असं उद्याशेठनी सकाळी चहा पिता पिता बायकोला सांगितलं. ते खरं ठरलं. आयुष्यभर त्यांनी जी हजारो भाकितं केली, त्यांतलं हे एकच लगेच आणि तंतोतंत खरं ठरलं, आणि नेमकं तेच खोटं ठरलं असतं तर फार बरं झालं असतं.

उद्याशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचं बॅगांचं दुकान होतं. नव्या बॅगा विकायच्या आणि जुन्या बॅगांच्या चेन, चाकं, दांडे दुरुस्त करून द्यायचे, असा धंदा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला ते "उद्या या" म्हणत. तो बिचारा उद्या आला की बॅग तयार नसे. मग त्याला स्टुलावर बसवून उद्याचं जग कसं असेल ते ऐकवत. या दोन उद्यांमुळे ते नाव पडलं आणि डिंकासारखं चिकटलं. दिवसभर मोबाईलवर ते यंत्रमानवांचे आणि आपोआप चालणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघत, आणि ज्यांना हे ठाऊक नाही अशा उरलेल्या जगाकडे कीव आल्यासारखे पाहत.

त्या दिवशी व्यापारी मंडळाची वार्षिक सभा होती. 'उद्याचा व्यापार' या विषयावर एक प्राध्यापक बोलणार होते, पण ऐन वेळी त्यांचा घसा बसला. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या दुकानातले चष्मेवाले. ते आदल्या दिवशीच उद्याशेठकडे आले होते.

"तुम्ही बोलाल का?" त्यांनी विचारलं. "वीस मिनिटं. नंतर जेवण आहे, त्यामुळे जास्त बोललात तर समोर कोणी राहणार नाही."

"मी बोलायला लागलो की लोक जेवण विसरतील," उद्याशेठ म्हणाले.

सुरुवातीला तसं काही दिसेना. मंडळाचा हॉल भरला होता, पण लोक माना मागे वळवून जेवणाच्या टेबलांकडे बघत होते. उद्याशेठ "येत्या दशकात मानवजातीसमोर" असं काहीतरी बोलत होते आणि मानवजात जांभया देत होती. पहिल्याच रांगेत समोरच्या दुकानातले शिंपीकाका बसले होते. त्यांनी तर इतकी मोठी जांभई दिली की उद्याशेठना त्यांच्या दाढेतलं चांदीचं भरणसुद्धा दिसलं. तिथे उद्याशेठचा तोल गेला.

"आता आपले शिंपीकाकाच घ्या," ते म्हणाले. "दहा वर्षांत काकांची कात्री वस्तुसंग्रहालयात असेल. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहील, यंत्र माप घेईल आणि चहा संपायच्या आत कोट शिवून हातात देईल. तोही काखेत न काचणारा."

हॉल खडबडून जागा झाला. कोणीतरी हसलं. आपला शेजारी बुडणार म्हटल्यावर माणसाला जी सावध गोडी वाटते, ती सगळ्यांच्या चेहऱ्यावर पसरली. उद्याशेठना आयुष्यात पहिल्यांदाच एवढे श्रोते मिळाले होते. मग ते थांबतात कसले? दुसऱ्या रांगेत गाडी शिकवणारे मास्तर होते. त्यांना ते म्हणाले की गाड्या आपोआप चालायला लागल्यावर तुम्ही कोणाला शिकवणार, गाडीला? सलूनवाल्याला म्हणाले की डोक्यात टोपीसारखं यंत्र घातलं की केस कापून होतील, आणि ते यंत्र राजकारणावर बोलणारही नाही. अध्यक्षांना म्हणाले की डोळ्यांत औषधाचा एक थेंब टाकला की नंबर उतरेल. चष्मे फक्त नाटकात दिसतील.

"आणि बॅगा?" सलूनवाल्याने मागून विचारलं.

"बॅगांना मरण नाही," उद्याशेठ म्हणाले. "तुम्ही सगळे बेकार होऊन गाव सोडून निघालात की कपडे कशात भरणार?"

यावर टाळ्यासुद्धा पडल्या. त्या टाळ्यांनी घात केला. टाळ्या पडल्यावर माणसाने खाली बसावं. उद्याशेठनी माइक आणखी जवळ ओढला आणि सांगून टाकलं की हे एकेक दुकान सोडाच, दुकान ही वस्तूच राहणार नाही. सगळं घरबसल्या मागवतील आणि ते उडत येऊन खिडकीत पडेल. रस्त्यावरच्या दुकानांची उद्या गोदामं होतील, गोदामं.

तेव्हा पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या मालकीणबाईंनी हात वर केला. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. बॅगांचं दुकान, चष्म्यांचं दुकान आणि सलून ही तिन्ही दुकानं असलेली बैठी इमारत त्यांची होती. वडिलांची आठवण म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली होती आणि भाडं इतकं जुनं होतं की ते देताना भाडेकरूंनाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

"हे दहा वर्षांत होईल म्हणालात. नक्की दहा?" बाईंनी विचारलं.

"बाई, दहा मी तुम्हाला धक्का बसू नये म्हणून म्हणतोय," उद्याशेठ म्हणाले. "खरं विचाराल तर पाच."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ते जरा ऐटीतच बसले होते, तेवढ्यात शिंपीकाका रस्ता ओलांडून आले. त्यांच्या हातात उद्याशेठचा कोट होता. साडूच्या मुलाच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला. कोटाला एकच बाही होती.

"दुसरी बाही?" उद्याशेठनी विचारलं.

"कापड पिशवीत आहे," काका म्हणाले. "रागावून नाही हं आणून देत. काल घरी गेलो आणि बराच वेळ विचार केला. डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही, पाठ धरते, मुलगी कधीची म्हणतेय की माझ्याकडे राहायला या. पण उगीच बसून राहायचं कसं, म्हणून दुकान ओढत होतो. तू म्हणालास पाच वर्षांत सगळं संपणार. मग म्हटलं, कशाला थांबायचं? फार हलकं वाटतंय बघ."

"काका, पण लग्न पुढच्या आठवड्यात आहे."

"ते यंत्र लवकर आलं तर बघ," असं म्हणून काका निघून गेले. त्यात टोमणा बिलकुल नव्हता, आणि तेच उद्याशेठना जास्त लागलं.

संध्याकाळी बायको घरी आली ती पर्स सोफ्यावर आपटूनच. ती ज्या दवाखान्यात नोकरीला होती तो लांब होता; म्हणून जुनी गाडी घेतली होती आणि ती मास्तरांकडे शिकत होती. पुढे चालवणं शिकून झालं होतं. मागे घेणं त्या दिवशी शिकवायचं होतं.

"मास्तर म्हणाले, वहिनी, पाच वर्षांत गाड्या आपल्या आपण मागे येणार आहेत, तुमचे पैसे कशाला फुकट घालवू? उरलेले पैसेही परत दिले. ते म्हणे आता भाचीच्या रोपवाटिकेत जाणार."

"भला माणूस आहे," उद्याशेठ पुटपुटले.

"अहो, मला आजच मागे यायचं होतं. दवाखान्यासमोर भिंतीला तोंड करून गाडी उभी केली आहे. पुढे भिंत आहे. मी रिक्षाने आलेय."

पण हे सगळं किरकोळ होतं. खरा दणका मालकीणबाईंचा बसला. त्यांनी तिसऱ्या दिवशी उद्याशेठना घरी बोलावलं, स्वतः चहा केला आणि भाषणाची इतकी स्तुती केली की उद्याशेठना चहा थोडा जास्तच गोड लागला.

"तुम्ही माझे डोळे उघडलेत," बाई म्हणाल्या. "ती पार्सलवाली कंपनी वर्षभर माझ्या मागे लागली आहे. मधल्या भिंती पाडून गोदाम करायचं म्हणतात. मी नाही म्हणत होते. वाटायचं, तुम्ही तिघं इतकी वर्षं आहात, तुमचं कसं होईल? पण तुमचंच म्हणणं पडलं की पाच वर्षांत दुकानंच राहणार नाहीत. मग मी तरी अडवून कशाला धरू? मी त्यांना हो कळवतेय. तुम्ही तिघांनी तीन महिन्यांत जागा मोकळी केलीत तरी चालेल. घाई नाही."

उद्याशेठनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

"बाई, ते भाषण होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे भाषणात माणूस जरा... रंगवून सांगतो."

बाईंनी चष्मा खाली घेतला आणि वर्गात ज्या नजरेने मुलांना उभं करत त्या नजरेने बघितलं. "म्हणजे एवढ्या लोकांसमोर तुम्ही खोटं बोललात?"

हो म्हणावं तर इज्जत जाते, नाही म्हणावं तर दुकान जातं. उद्याशेठनी तिसराच मार्ग काढला. ते म्हणाले की विषय फार मोठा आहे, वीस मिनिटांत त्याची एकच बाजू झाली. दुसरी बाजू अजून सांगायची राहिली आहे. बाई न्यायाने वागणाऱ्या होत्या. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कंपनीला कळवणार नाही, रविवारी सकाळी या, म्हणाल्या.

तोपर्यंत बातमी फुटली होती. दुकानात परतले तर चष्मेवाले आणि सलूनवाला एकेका मोठ्या सूटकेसवर बसून त्यांची वाट बघत होते. दोघांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"माझे वडील त्याच खुर्चीमागे उभे राहिले," सलूनवाला म्हणाला. "मला दुसरीकडे कुठे उभं राहता येईल असं वाटत नाही, शेठ. वाकडंच कापलं जाईल."

"मी निस्तरतो," उद्याशेठ म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दोन रात्री त्यांनी यंत्रमानवांचे व्हिडिओ बघितले नाहीत, यावरून काय ते समजा.

रविवारी बायकोनेच गाडी काढली. तिच्या भावाने ती दवाखान्यासमोरून मागे घेऊन आणून दिली होती. मागे घ्यायला येत नसल्यामुळे बाईंच्या घराची गल्ली चुकली तेव्हा आख्ख्या वस्तीला वळसा घालून त्यांना परत त्याच ठिकाणी यावं लागलं. मागच्या सीटवर चष्मेवाले आणि सलूनवाला गुडघे जोडून बसले होते.

"थोडक्यात बोला," बायको म्हणाली.

"दुकानं टिकतील, एवढंच पटवायचं," चष्मेवाले म्हणाले. "टिकतील, नमस्कार, आणि उठायचं. त्याच्या पुढे एक शब्द नको."

उद्याशेठ मान हलवत होते.

बाईंच्या दिवाणखान्यात त्यांनी सुरुवात खरोखर बेताने केली. म्हणाले, यंत्रं येतील, पण लोक यंत्रांना कंटाळतील. खिडकीत येऊन पडलेली बॅग हातात धरून बघता येत नाही, तिची चेन पुढेमागे करून बघता येत नाही. माणसाला माणूस लागतो. सलूनवाल्याने हळूच मान डोलावली. बाईही पुढे सरकून ऐकू लागल्या. इथे चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. पण समोरचा माणूस ऐकतो आहे हे दिसल्यावर उद्याशेठना थांबवणं म्हणजे उतारावर सुटलेल्या गाडीला हाक मारण्यासारखं.

"टिकतील काय म्हणता, बाई," ते म्हणाले, "सोन्यासारखी होतील. सगळीकडे गोदामं झाल्यावर जिवंत माणूस बसलेलं, रस्त्यावर दार उघडणारं दुकान लोक लांबून बघायला येतील. अशी जागा मिळावी म्हणून रांगा लागतील. या सलूनवाल्यासारखा माणूस, जो हाताने केस कापतो आणि वर गप्पा मारतो, त्याची किंमत किती वाढेल याचा अंदाज करा. तुमच्या वडिलांनी किती पुढचं बघितलं होतं हे पाच वर्षांत सगळ्यांना कळेल."

चष्मेवाल्यांनी त्यांचा पाय दाबला. उद्याशेठना वाटलं, शाबासकी दिली.

"वडिलांचं तुम्ही बरोबर ओळखलंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थोडा हलला होता. "गोदाम नाही करायचं. कंपनीला मी आजच नाही सांगते."

सलूनवाल्याने डोळे मिटून श्वास सोडला. बायकोने उद्याशेठकडे असं बघितलं की लग्नानंतर तसं बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. फक्त चष्मेवाले अजून खुर्चीच्या टोकावरच बसले होते.

"फक्त एक," बाई पुढे म्हणाल्या. "जागा इतकी मोलाची होणार असेल, तर तुमचं आताचं भाडं म्हणजे चेष्टाच की. मला मेलीला हे कधी सुचलंच नाही. पुढच्या महिन्यापासून दुप्पट करू. आणि मग दरवर्षी, तुम्ही सांगितलंत तसं, वाढत जाईल."

परत येताना चष्मेवाले बोटांवर नवं भाडं मोजत होते. वळसा मात्र घालावा लागला नाही.

मास्तरांना रोपवाटिकेत चार दिवसांत कंटाळा आला आणि त्यांनी उद्याशेठच्या बायकोची गाडी मागे घेण्याची शिकवणी पुन्हा सुरू केली. शिंपीकाका मुलीकडे गेले ते गेलेच. तिथून त्यांनी फोन करून नातवाला पोहायला घेऊन जातो असं आनंदाने सांगितलं. साडूच्या मुलाच्या लग्नात उद्याशेठ तयार कोट घालून गेले. तो काखेत काचत होता.

महिनाभराने ते केस कापायला सलूनमध्ये बसले. सलूनवाल्याने काम नेहमीसारखंच सुबक केलं, मानेवरचे केस झटकले, आरसा मागे धरून दाखवला आणि नेहमीच्या दुप्पट पैसे सांगितले.

"इतके?" उद्याशेठ म्हणाले. "बाहेर पाटीवर तर जुनाच दर आहे."

"तो बाकीच्यांसाठी," सलूनवाला म्हणाला. "तुम्हाला माझं भविष्य ठाऊक आहे."