तळ्याचा तपास

लेक पंधरा दिवसांनी येणार होती आणि लॉन पिवळं पडलं होतं. ओव्हरसियर पायरीवर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे ओव्हरसियरच म्हणत. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. हे लॉन तिचं. गुडघ्यांवर बसून, एकेक तण उपटून तिनं ते राखलं होतं. आणि परवाच फोनवर ओव्हरसियर लेकीला बोलून बसले होते, "आईचं लॉन ना? अगदी होतं तसंच आहे."

दुकानदारानं मिश्रखताची पिशवी हातात देताना बजावलं होतं, "काका, मूठ-दोन मुठीच टाका. आणि आभाळ भरलेलं असेल तर हातसुद्धा लावू नका."

पण मूठ-दोन मुठींनी पंधरा दिवसांत काय होणार? ओव्हरसियरांनी मुठीमुठीनं अख्खी पिशवी लॉनवर रिकामी केली. फरशीवर सांडलेलं खत पाइपानं धुऊन काढलं आणि बाकीचं मुरावं म्हणून पाइप तिथंच सोडून ठेवला. तेवढ्यात लेकीचा फोन आला, बोलणं लांबलं. बाहेर येऊन बघतात तर पाणी उतारानं फाटकाबाहेर पडून गटाराच्या जाळीत गडगड उतरत होतं. दुपारी पाऊस लागला, तो दोन दिवस हटला नाही.

चौथ्या दिवशी लॉन करपलं. जिथं जिथं मूठ पडली होती, तिथं तिथं बशीएवढा तपकिरी डाग. दहाव्या दिवशी सकाळी सिस्टर दारात उभ्या राहिल्या.

सिस्टर म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई. त्यांच्या घराशेजारचं तळं त्यांनी पाच वर्षं खपून एकटीनं साफ केलं होतं. आता त्यात मासे होते.

"साहेब, चला. माझे मासे तोंडं वर काढून धापा टाकतायत."

तळं हिरवंगार झालं होतं. दुधावर साय धरावी तसं शेवाळ धरलं होतं. दोन मासे काठाशी उलटे तरंगत होते.

"हे गल्लीतल्याच कुणाचं तरी काम आहे," सिस्टर म्हणाल्या. "गटारं तुम्हीच घातलीत ना? मग शोधून काढा."

गटारं त्यांनीच घातली होती. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, ते पाणी कुठंतरी जाऊन शुद्ध होत असेल. ओव्हरसियरांना पक्कं ठाऊक होतं की जाळीतून नळीत आणि नळीतून थेट तळ्यात, मध्ये साधी गाळणीसुद्धा नाही, आणि खत मिळालं की शेवाळही फोफावतं. गुन्हेगारही ठाऊक होता. त्याच्या चपलेचं मापसुद्धा ठाऊक होतं.

"तपास करावा लागेल," ते गंभीरपणे म्हणाले.

तपास तीन दिवस चालला. ओव्हरसियरांनी चेंबरची झाकणं उचलली, आत टॉर्च मारला, वास घेतला, वहीत नोंदी केल्या. सिस्टर मागे उभ्या राहून सगळं बघत होत्या. रस्त्यावर गाडी धुणाऱ्या ड्रायव्हरला ओव्हरसियरांनी अर्धा तास साबणावर व्याख्यान दिलं. मग वळले शिंपीणबाईंकडे.

"धुण्याचं पाणी गटारात ओतता?"

"ओतते की. बादलीभर." शिंपीणबाईंच्या हातातली कात्री थांबली. "साहेब, माझ्यामुळे मासे मेले का हो?"

ओव्हरसियरांनी वही मिटली.

"मी सिस्टरांची माफी मागून येते," म्हणत बाई पायांत चपला सरकवू लागल्या.

"थांबा!" ओव्हरसियर ओरडलेच. "तुम्ही नका जाऊ. मी जातो."

सिस्टर काठावर बसून बादलीनं तळ्यातलंच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात ओतत होत्या. तेवढीच माशांना हवा.

"सिस्टर, ते खत माझं होतं."

"माहीत आहे." त्यांनी मान वर केली नाही.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सगळ्या गल्लीत एकटं तुमचंच लॉन करपलंय, तेही मुठीमुठीनं."

"मग हा तपास कशाला करायला लावलात?"

"पेशंटनं आपण होऊन सांगावं लागतं, साहेब. फक्त तुम्हाला तीन दिवस लागतील असं वाटलं नव्हतं." त्यांनी बादली पुढे केली. "घ्या."

ओव्हरसियर आधी शिंपीणबाईंकडे आणि ड्रायव्हरकडे जाऊन खरं काय ते सांगून आले. ड्रायव्हरनं साबणाची बादली बाजूला ठेवली. मग तोही पँट दुमडून तळ्यात उतरला. दोन दिवस सगळे मिळून शेवाळ उपसत होते.

लेक आली तेव्हा घराला कुलूप होतं. शोधत शोधत ती तळ्यापाशी पोचली, तर वडील गुडघाभर पाण्यात, हातात पिठाची चाळणी.

"बाबा! हे काय चाललंय? आणि लॉनचं काय झालं?"

ओव्हरसियरांनी तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या आईचं एवढं एकच ठेवायचं होतं गं मला. तेही जाळलं."

लेकीनं हातातली बॅग खाली ठेवली.

"आईला कुठं आवडायचं ते लॉन? दर फोनला कुरकुरायची. म्हणायची, यांना हिरवंगार लागतं, म्हणून गुडघे झिजवतेय."

"मला?" ओव्हरसियर चाळणी धरून उभेच राहिले. "मला तर त्याचा कंटाळा होता. तिला आवडतं म्हणून मी इतकी वर्षं गप्प होतो."

सिस्टरांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी बापलेकीनं फाटकाकडचा उतार खणला आणि खोल मुळांची झुडपं दाटीनं लावली, म्हणजे पाणी तिथंच अडून जिरेल. बाकीचं गवत वाढेल तसं वाढू द्यायचं ठरलं.

"तिला मग आवडायचं तरी काय?" माती झटकत ओव्हरसियरांनी विचारलं.

"काही न करता बाहेर खुर्ची टाकून बसायला. पण तण दिसायचं आणि उठावं लागायचं."

ओव्हरसियर आत गेले, दोन खुर्च्या घेऊन आले आणि करपलेल्या गवतावर मांडल्या. तळ्याकडून सिस्टरांची हाक आली, "साहेब, बादली!"

"उद्या!" ओव्हरसियर बसल्या जागेवरून ओरडले, आणि उठले नाहीत.