एका ठिपक्याचा सिनेमा

उत्तरेकडच्या थंड समुद्रकाठी आमचं स्कारवोय गाव, तिथं दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता सिनेमा लागायचा. थिएटर पालिकेचं. खुर्च्या चौऱ्याऐंशी, त्यातल्या तीन मोडक्या. सगळा कारभार गुनवोर बघायची. तिकीट तीच फाडायची, मशीन तीच लावायची, मध्यंतरात वाफल, म्हणजे साच्यातली गोड जाळीदार पोळी, तीच भाजायची, आणि अंधारात कुणी बडबडायला लागलं तर टॉर्चनं डोक्यात टपली पण तीच मारायची. एकतीस वर्षं. ते थिएटर आज उघडं आहे, खच्चून भरतं, भिंतीवर बक्षिसाची पाटी आहे, आणि तिथं सिनेमा लागत नाही. याला जबाबदार मी आहे. तसं पालिकेच्या कागदावर लिहिलेलं आहे, आणि पालिका खोटं लिहीत नाही, फक्त भलतंच लिहिते.

मी आर्नफिन. शाळा सातवीपर्यंत. पुढची चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनखोलीत. रिटायर झाल्यावर हाताला काम नाही, म्हणून मी सिनेमावर मतं लिहायला लागलो. पेपरातले लोक लिहितात तसं, सिनेमाच्या बाजूला फाशाचं चित्र काढून. सहा ठिपके म्हणजे उत्तम, एक ठिपका म्हणजे घरीच बसा. गुनवोर शुक्रवारी मशीन तपासायला सिनेमा लावायची तेव्हा मी तो आधीच बघायचो, आणि कागद लगेच किराणा दुकानातल्या फळ्यावर टाचायचा, हरवलेल्या मांजराच्या शेजारी.

गुनवोर आणायची ते सगळे हॉलिवूडचे, धडाधड मारामारीचे. मी लिहायचो:

“हिरो विमान चालवतो. विमान पडायला लागलं की इंजिनचा दांडा आणखी वीतभर पुढं ढकलतो आणि विमान वर जातं. मग आधीच का नाही ढकलला? माझ्या हाताखाली असता तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता. एक ठिपका.”

किंवा, “बॉम्बला घड्याळ आहे. लाल आकड्यांचं, लांबून दिसेल असं. बॉम्ब ठेवणाऱ्याला एवढी काळजी का, की थांबवायला येणाऱ्याला वेळ कळावी? एक ठिपका.”

किंवा, “मागं अख्खी फॅक्टरी उडते आणि हा वळून बघत नाही. माझ्याकडं एकदा स्टोव्ह भडकला होता, मी तीन दिवस वळून बघत होतो. दोन ठिपके, कारण धूर खरा वाटला.”

आता एक सांगतो. आमच्या किनाऱ्यावर कौतुक करायची पद्धत नाही. बायकोनं केलेला मासा फारच आवडला तर माणूस म्हणतो, “खाल्ला जातो.” मी माझ्या बायकोला मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, “तसा तू वाईट नाहीस.” आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. त्यामुळं माझा कागद गावाला बरोबर वाचता यायचा. दुकानात माझा दोस्त ओडवार, म्हणजे होड्या बांधणारा, फळ्यासमोर उभा राहायचा आणि लोक त्यालाच विचारायचे.

“आर्नफिननं किती दिलेत रे?”

“एक.”

“एकच? मग सासूला पण घेऊन येतो.”

एक ठिपका म्हणजे हाऊसफुल्ल. दोन म्हणजे जरा कमी, कारण दोन दिले म्हणजे मधे कुठंतरी प्रेमाचं लांबण असणार. सहा वर्षं असं मस्त चाललं होतं.

मग पालिकेत एस्किल आला. राजधानीत शिकलेला, संस्कृती-सल्लागार. मनानं चांगला पोरगा, पण कागदावर जे दिसेल ते खरं मानायचा. त्यानं सहा वर्षांचे माझे कागद फळ्यामागच्या खोक्यातून काढले, बेरीज केली, भागाकार केला आणि गुनवोरला पत्र धाडलं. ती ते घेऊन सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली आणि तिनं ते टेबलावर आपटलं.

“वाच.”

मी वाचलं. ‘उपरोक्त थिएटरची दर्जा-सरासरी एक पूर्णांक तीन दशांश इतकी आढळून आली आहे. किमान निकष तीन आहे. सबब, पुढील आठ खेळांत सरासरी न सुधारल्यास थिएटर बंद करून तेथे अहवाल ठेवण्याची खोली करण्यात येईल.’

“कुणाची सरासरी?” मी विचारलं.

“तुझी, गाढवा! गावात दुसरं कोण मतं लिहितं?”

“पण हॉल तर भरलेला असतो.”

“ते मी सांगितलं त्याला. तो म्हणाला, तो वेगळा रकाना आहे.” ती खुर्चीत बसली. गुनवोर कुणाच्या घरी बसत नाही, उभ्यानं कॉफी पिऊन जाते. “आर्नफिन, मी बासष्टची आहे. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायचंही नाही. आठ शनिवार आहेत. आकडा वाढव.”

“म्हणजे खोटं लिहू?”

“सहा वर्षं काय लिहीत होतास?”

मी तिला आणखी कॉफी ओतली.

त्या आठवड्याच्या सिनेमात एक टकला माणूस ट्रक चालवत बोटीवर, बोटीतून आगगाडीवर आणि आगगाडीतून परत ट्रकमध्ये गेला. मी घरी येऊन, दात आवळून, पाच ठिपके काढले. खाली लिहिलं, “विचार करायला लावणारा सिनेमा.” आणि ते खरंही होतं, मी दोन दिवस विचार करत होतो की डिझेल कुठं भरलं.

पुढच्या आठवड्यात दुसरा सिनेमा, त्यालाही पाच. गावात भीती पसरली.

“पाच?” ओडवार फळ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. “आर्नफिन, तुला बरं नाही का?”

“चांगला आहे सिनेमा.”

“चांगला म्हणजे... खिडकीत उभं राहून पाऊस बघतात तसला?”

“स्फोट आहेत रे त्यात!”

“मग पाच कसे दिलेस?” तो हळूच म्हणाला, “मी नाही येत. माझी पाठ दुखते.”

सगळ्यांची पाठ दुखायला लागली. तिसऱ्या शनिवारी चौदा माणसं, पाचव्याला सहा. त्यात मी, गुनवोर, आणि चार जर्मन जे रस्ता चुकले होते. वाफलचं पीठ आंबून गेलं. आठ खेळ झाले तेव्हा त्या आठांची दर्जा-सरासरी पाच पूर्णांक एक झाली. जिल्ह्यात आम्ही पहिले.

एस्किल अभिनंदन करायला स्वतः आला. सोबत दुसरं पत्र होतं. ‘दर्जा समाधानकारक आहे. तथापि प्रेक्षकसंख्या निकषापेक्षा कमी आढळल्याने थिएटर बंद करणे प्रस्तावित आहे.’

“अरे पण लोक येत नाहीत कारण दर्जा वाढला!” गुनवोर ओरडली.

“तसा परस्परसंबंध फॉर्ममध्ये नोंदवता येत नाही,” एस्किल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. वाफल पण त्यानं नको म्हटली.

मग सुनावणी झाली. आमच्याकडं काहीही बंद करायच्या आधी सगळ्या गावाचं म्हणणं ऐकून घेतात, लिहून घेतात आणि मग बंद करतात. शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडल्या. महापौरीणबाई आल्या, विणकाम घेऊन. एस्किलनं पडद्यावर आलेख दाखवला. माझ्या मतांची रेघ सहा वर्षं जमिनीवर सरपटत होती आणि एकदम छताला जाऊन चिकटली होती.

“इथं खरा प्रश्न दिसतो,” तो म्हणाला. “अभिप्राय देणारी व्यक्ती अस्थिर आहे. मताला माणसाची आवड-नावड चिकटते. मत निःपक्षपाती हवं.”

माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. मला सभेत बोलायची सवय नाही, इंजिनखोलीत फक्त ओरडायची आहे.

“निःपक्षपाती मत हवंय? मग सरळ खराखुरा फासाच टाका ना! माझ्या डोक्याची तरी काय गरज आहे!”

जिम हसली. महापौरीणबाई विणता विणता हसल्या. एस्किल हसला नाही. त्यानं ते लिहून घेतलं. पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं: ‘आर्नफिन यांची सूचना व्यवहार्य वाटल्याने एकमताने मंजूर.’

मी पालिकेत गेलो. “एस्किल, मी रागानं बोललो होतो.”

“राग आवाजात होता. इतिवृत्तात आवाज येत नाही,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू का, सूचना फार चांगली आहे. सहा महिन्यांसाठी थिएटरला मुदतवाढ मिळाली तुझ्यामुळं.”

गुनवोरनं मला त्या दिवशी मिठी मारली. आमच्याकडं मिठी म्हणजे काय, खांद्याला खांदा आपटतात. पण मारली.

फासा ओडवारनं बर्चच्या लाकडाचा केला, भाकरीच्या डब्याएवढा. मासळीचे वजनकाटे तपासायला येणारा इन्स्पेक्टर बोलावून तो तपासला, एक बाजू जड नाही याचं शिक्कामोर्तबाचं सर्टिफिकेट आलं. नियमावली अकरा पानांची. कलम चार: फासा खुर्चीखाली गेल्यास. कलम सात: फासा प्रेक्षकाच्या मांडीवर थांबल्यास. टाकायचा मीच, कारण सूचना माझी, पण हातमोजे घालून, म्हणजे आवड-नावड लागू नये. वेळ सिनेमाच्या आधी, म्हणजे सिनेमा बघून मत बनायची भीती नाही. आणि सगळ्यांना दिसावं म्हणून फाशावर कॅमेरा लावून तो मोठ्या पडद्यावर.

पहिल्या शनिवारी चौऱ्याऐंशी खुर्च्या भरल्या, मोडक्या तीनसुद्धा. पाठदुखी गावातून नाहीशी झाली. मी फासा टाकला. पडद्यावर तो एवढाला मोठा घरंगळला, कडेवर उभा राहिला, थरथरला, आणि दोनवर पडला. लोक उठून उभे राहिले. एक बाई रडली. मध्यंतर करून वाफल खाल्ल्या, वाफलवर घालायचं तपकिरी चीज संपलं. मग गुनवोरनं सिनेमा लावला, तर अर्धे लोक कोट घालून निघाले.

“कुठं चाललात? आत्ता तर सुरू होतोय!” ती दारात आडवी उभी राहिली.

“कळलं ना दोन आहे ते,” लोक म्हणाले. “आता बघून काय करायचं?”

चौथ्या शनिवारी सिनेमाला नऊजण थांबले. सहाव्याला मी आणि गुनवोर. फाशाला मात्र बाहेर रांग. सरासरी साडेतीनवर येऊन बसली ती हलेना, आणि एस्किल म्हणाला की इतका स्थिर दर्जा देशात कुठल्याच थिएटरचा नाही. त्याचा अहवाल आला: ‘प्रेक्षक फासा पाहण्यासाठी येतात व त्यानंतर निघून जातात. सबब, कार्यक्रमाचा उर्वरित भाग, म्हणजे सिनेमा, अनावश्यक ठरतो. तो कमी करण्यात यावा. थिएटर कायम राहील.’

शेवटचा सिनेमा आम्ही दोघांनीच बघितला. मी सातव्या रांगेत, बाराव्या खुर्चीत. ती मशीन सोडून माझ्या शेजारी येऊन बसली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावर हिरोनं दांडा वीतभर पुढं ढकलला. विमान वर गेलं. मागं अख्खं बंदर उडालं आणि त्यानं वळून बघितलं नाही.

नावं सरकायला लागली तेव्हा ती म्हणाली, “एक विचारू? एवढ्या वर्षांत तुला एकतरी आवडला होता का रे?”

मी कोटाची बटणं लावली. एक चुकीच्या काजात गेलं, ते परत काढलं.

“तसे वाईट नव्हते,” मी म्हटलं. “सगळेच.”

तिनं टॉर्च काढून माझ्या डोक्यात एक टपली मारली. “हे त्या फळ्यावर लिहायला काय झालं होतं, मेल्या?”

आता दर शनिवारी फासा पडतो. ओडवार त्याच्यावर मतं लिहितो आणि माझ्याच फळ्यावर टाचतो. “आजचा तीन जरा ओढल्यासारखा वाटला. मागच्या महिन्यातला पाच बघितलेल्यांची निराशा होईल.” लोक उभे राहून वाचतात, माना डोलवतात. जिल्ह्यानं उत्तम थिएटर म्हणून पितळी पाटी दिली. गुनवोरनं ती मोडक्या खुर्चीखाली टेकण म्हणून लावली होती, एस्किलनं काढून भिंतीवर ठोकली.

तुम्ही हसताय. हसा. पण हे वाचायला घ्यायच्या आधी तुम्ही कुणालातरी विचारलंच असेल, कसं आहे म्हणून. आणि आता वाचून होतंय न होतंय तोवर तुमच्या डोक्यात एक आकडा गडगडायला लागलाय, मला आवाज येतोय त्याचा. पडू दे. फक्त एवढं करा, आवडलं असेल तर एकच ठिपका द्या. पाच दिलेत तर कुत्रं फिरकणार नाही इकडं. आणि हातमोजे घातले असतील तर राहू द्या, मी एस्किलला कळवतो.