आत्याची चटई आणि भोपळ्यांचा काटा

तान्ही लेक वजनदार ठरली, तर सातेकीचा फायदाच फायदा होता. काव्हाच्या, म्हणजे मुळीच्या गुंगवणाऱ्या पेयाच्या, बैठकीत दाराजवळून उठून थेट पुढे जागा, "आमच्याकडची पोरं दणकट" म्हणणाऱ्या मेहुण्यांची बोलती बंद, आणि "अंगावरचं पुरतंय ना गं तिला?" असं बायकोला, लुपेला, उठसूट विचारणाऱ्या शेजारणींपासून सुटका. खर्च? शून्य! सातेकी भोपळ्यांच्या गोदामातला मापाडी. जपानला जाणारा टोंगा बेटांवरचा एकेक भोपळा त्याच्या काट्यावरून जायचा.

"अरे, इस्पितळाच्या कार्डावर लिहिलंय की वजन! तीन किलो दोनशे," लुपे म्हणाली.

"तो काय काटा आहे? काटा बघायचा तर माझा!"

पोर घरी आली त्याच दिवशी सातेकीची थोरली बहीण पेलेनाइसे हजर झाली. बापाची बहीण म्हणजे घरातली राणी, तिच्यापुढे भावाने ब्र काढायचा नाही. तिने बाळाचं नाव ठेवलं आणि पणजीच्या वेळची केवड्याच्या पातींची चटई बाळाभोवती घट्ट गुंडाळली.

"मी सांगितल्याशिवाय ही सोडायची नाही!"

"नाही ताई."

सातेकीने बाळाला त्या चटईसकट गोदामात नेऊन काट्यावर ठेवलं. चार किलो आठशे! शेतकऱ्यांच्या भोपळ्यातून खोक्याचं वजन रोज न चुकता वजा करणारा हा माणूस. पण ताईची चटई म्हणजे खोकं थोडंच! वजा करायचं त्याच्या मनातही आलं नाही. रात्री बैठकीत त्याने आकडा सांगितला, करवंट्या भरभरून काव्हा फिरला, आणि रविवारी पाद्रीबाबांनी तो आकडा देवाच्याही कानावर घातला.

पुढच्याच आठवड्यात शहरातल्या बड्या डॉक्टरकडे तपासणी. डॉक्टर सातेकीनेच निवडला होता, कारण त्याचा काटा चकचकीत होता. तिथल्या नर्सने, कुणी हां हां म्हणेपर्यंत, चटई सोडून पोरीला उघडीच ठेवली. तीन किलो शंभर!

"पण ती चार आठशे होती हो!" सातेकी किंचाळला.

डॉक्टरने मान वर केली नाही. "मग आईचं दूध पाणीच असणार. डब्याचं सुरू करा. पुढचा पेशंट!"

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर दुधाच्या डब्यांची भिंत उभी राहिली. लुपे पोरीला छातीशी धरून रडत होती. "मी पाजणार म्हणजे पाजणार! पण खरंच उपाशी राहत असली तर रे?"

 डॉक्टर निवडायची अक्कल आपल्याला नाही, हे सातेकीने पहिल्यांदाच कबूल केलं. लुपेने निवडली ती फुसी डॉक्टरीणबाई. त्यांचा काटा जुनाट होता. पण त्या आधी खाली बसल्या आणि लुपे पाजत असताना कान देऊन ऐकत राहिल्या.

"गटगट गिळतेय की! लंगोट भिजतात ना?"

"सारखे!"

"पहिल्या दिवसांत थोडं वजन उतरतंच, मग भरून येतं. आता चढतंय की नाही, ते याच काट्यावर आणि उघड्या अंगाने बघू. बरं, चार आठशे भरली तेव्हा अंगावर काय होतं?"

लुपेने सातेकीकडे पाहिलं. सातेकीने चटईकडे पाहिलं. आणि चटईची मालकीण दारातच उभी होती!

"सांग ना," पेलेनाइसे म्हणाली, "काय होतं?"

तुझ्या चटईने आम्हाला फसवलं, असं ताईच्या तोंडावर म्हणण्यापेक्षा समुद्रात उडी बरी!

"काही नाही ताई. माझा काटाच बिघडलाय. जास्त दाखवतो."

"तरी मी म्हटलंच!" ताई खूश.

सातेकीला वाटलं, सुटलो! पण ताईचा आवाज खणखणीत होता, आणि दवाखान्याच्या ओसरीवर अर्धं गाव बसलेलं. सकाळी गोदामाच्या दारात मालक उभा! "जास्त दाखवतो? मग या हंगामाचे भोपळे मी कोणत्या वजनाने घेतले रे? हा दुसरा काटा, घे परत मोजायला! सगळे!"

गोदाम छतापर्यंत भरलेलं होतं. माल कमी भरला तर पैसे कापले जातील, म्हणून शेतकरी छातीवर बसल्यासारखे भोवती उभे. सातेकीने भोपळे उचलले, ठेवले, उचलले. शेवटचा भोपळा उतरला तेव्हा तो काटकोनात वाकलेला होता, आणि वजन जुन्याशी तंतोतंत जुळलं.

"काटा तर चोख आहे," मालक म्हणाला. "म्हणजे मापाडीच बिघडलाय!"

सातेकीने वाकल्या वाकल्याच मान डोलावली. बघ्यांत ताईही उभी होती ना!

तिकडे फुसीबाईंच्या काट्यावर पोर दर खेपेला वर चढत गेली, लुपेला "अंगावरचं पुरतंय ना?" विचारायला कुणी उरलं नाही, चटईची अब्रू शाबूत राहिली, मालकाचं काही गेलं नाही, शेतकऱ्यांचंही नाही. या सगळ्याचं बिल एकट्या सातेकीच्या कमरेने भरलं.